विनोदाआडचं काम
विनोदी ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ते टीव्हीवर स्वतःच्या लिखाणाबद्दल 'नुसती गंमत करायचे' असं म्हणून तुम्ही त्यांची बोळवण केलीत, ते काही पटलं नाही. त्यांच्या 'डिस्कवर्ल्ड' या काल्पनिक जगावरच्या कादंबऱ्यांमधलं मृत्यू हे पात्रच घ्या. आपला यम रेड्यावर, हा पांढऱ्या घोड्यावर. घोड्याचं नाव बिंकी. आधी म्हणे सांगाड्याचा घोडा वापरून पाहिला, पण सारखं थांबून निखळलेली हाडं तारेने बांधत बसावं लागायचं. म्हणून मग जिवंत घोडा! अद्भुतात असा रोजचा खोळंबा घुसवायला डोकं लागतं हो.

आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उमेदीची वर्षं काढलेले नाशिककर, त्यामुळे मला आणखी एका गोष्टीचं कौतुक. पूर्णवेळ लेखक होण्याआधी, १९८७ पर्यंत, हे गृहस्थ तिकडच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते आणि त्यांच्याकडे अणुवीज केंद्रांचं काम होतं. त्या खुर्चीत बसलेल्याला चेहरा सरळ ठेवून बोलायची सवय होणारच. त्यांच्या मुलाखती बघताना आपल्याला हसू येतं ते त्यामुळेच, असा माझा आपला अंदाज.

अल्झायमरचं निदान २००७ मध्ये जाहीर केल्यावर त्यांनी बीबीसीवर त्या आजाराबद्दलही मोकळेपणाने सांगितलं. टाइप करणं जमेना तेव्हा तोंडी मजकूर सांगून कादंबऱ्या पुऱ्या केल्या. हे लेखात का नाही?

बाकी नव्या वाचकांनी डिस्कवर्ल्डच्या १९८३ च्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. या मालिकेत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. त्यातल्या शहराच्या पहारेकऱ्यांच्या कादंबऱ्या आधी घ्या.