रात्रपाळीच्या निवेदकाचे मानधन कोण देणार?

आज संध्याकाळी आमच्या वस्तीच्या बैठकीत सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी, म्हणजे वस्तीतल्या लोकांनीच चालवायच्या छोट्या एफएम केंद्रासाठी, अर्ज करण्याचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत बारगळला. ज्यांच्याविषयी मला एरवी आदर आहे असे एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "रेडिओ आता ऐकतो कोण? आणि त्यासाठी लोकांच्या कराचा पैसा कशाला?" दोघेचौघे हसले. मला तिथे उत्तर सुचले नाही, पण घरी आल्यापासून २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट डोळ्यांसमोरून हलत नाही.

आम्ही नागपुरात डागा ले-आउटच्या बाजूला, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्या रात्री पाऊस कोसळत राहिला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आधी गल्लीत, मग ओट्यावर, मग थेट घरात आले. वीज गेली. शेजारच्या काकू एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलेली आहे, त्यांना आम्ही कसेबसे वरच्या मजल्यावर आणले. येताना त्यांनी फक्त औषधांची पिशवी आणि रबरबँड लावून झाकण बसवलेला जुना ट्रान्झिस्टर छातीशी धरला होता. माझ्या मोबाइलमध्ये चार टक्के बॅटरी उरली होती. काकूंनी अंधारात बटण फिरवायला सुरुवात केली. एका ठिकाणी प्रेमगीत, दुसऱ्या ठिकाणी दागिन्यांची जाहिरात, तिसऱ्या ठिकाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेला एक हसरा आवाज. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "बाई, पाणी अजून किती चढते, हे कोणी सांगत काऊन नाही?"

हा प्रश्न मी आजही विसरू शकलेले नाही. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरे. पण हवामान, वाहतूक आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देण्याची मुभा त्यांना आहे. म्हणजे त्या पहाटे अडचण परवानगीची नव्हती. माइकसमोर माणूस नव्हता आणि संगणक आपला गाणी लावत होता. नफ्यावर चालणारी वाहिनी पहाटे तीन वाजता पगारी निवेदक बसवून ठेवणार नाही, हे मला समजते, आणि नेमक्या याच कारणासाठी हे काम बाजारावर सोडता येत नाही.

या शहराला रेडिओचे वेड नव्हते असे नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. १९८८ मध्ये रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरच्याच एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून देशभर ऐकू जायची. रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी माणसांना तिची सोबत होती. तीही काही वर्षांपूर्वी बंद झाली.

आता पैशाविषयी. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. सामुदायिक रेडिओचे दार २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी उघडले. केंद्र उभारायला सरकार अनुदानही देते. परंतु ते प्रक्षेपक, अँटेना, मिक्सर अशा यंत्रसामग्रीसाठी असते. ते यंत्र रोज चालवणाऱ्या माणसाच्या मानधनाचे काय? त्यासाठी तासाला बारा मिनिटे जाहिराती घ्या, असे सांगितले जाते. सरकारी जाहिरातीचा दर २०२४ मध्ये वाढवून दहा सेकंदांना ७४ रुपये केला, तोही जाहिरात मिळाली तर. यातून रात्रपाळीचा एक निवेदक तरी पोसता येईल का? यंत्र घेऊन द्यायचे आणि माणसाला वाऱ्यावर सोडायचे, मग वर्षभराने केंद्राला कुलूप लागले की "लोकांनाच रस नाही" असे म्हणायचे, याचा मला मनस्वी राग येतो.

सरकारी पैसा आला की सरकारचा हातही येतो, ही भीती बैठकीत एकाने बोलून दाखवली आणि ती खोटी नाही, एवढे मान्य करते. पण त्यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियात १९८४ पासून सामुदायिक प्रसारणाचा सरकारी निधी एका स्वतंत्र प्रतिष्ठानामार्फत वाटला जातो. पैसा सरकारचा, पण कोणत्या केंद्राला किती द्यायचा हे मंत्री ठरवत नाही. आपल्याकडेही तसे करावे, आणि सामुदायिक केंद्रांवर स्वतःच्या बातम्या देण्याची जी बंदी आहे तीही उठवावी. आपल्या वस्तीतला नाला तुंबला आहे, हे सांगायला आपल्या केंद्राने बिचकावे का?

शंभर वॅटचा प्रक्षेपक दहा-पंधरा किलोमीटर पोहोचतो. अंबाझरीपासून पारडीपर्यंत आपले बरेचसे शहर त्यात येते. त्यावर काकूंसारखी नागपुरी बोली ऐकू येईल, पूर्व नागपुरातली छत्तीसगढी ऐकू येईल, गोंडी ऐकू येईल. आज खासगी वाहिन्यांवर बहुतेक वेळ हिंदीच ऐकू येते. तेलंगणातल्या माचनूरसारख्या लहानशा गावात दलित शेतकरी महिला २००८ पासून 'संघम रेडिओ' चालवतात. साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. त्यांना जमते, मग आपल्याला का जमू नये?

मोबाइल सगळ्यांकडे आहे, हेही मान्य. त्या पहाटे माझ्याकडेही होता. शेवटच्या चार टक्क्यांत मला व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळ्या अफवा आल्या, त्यांतली एक तलाव फुटल्याची होती. ती वाचून काकूंचे हात थरथरू लागले आणि तो खरखरणारा ट्रान्झिस्टर त्यांनी बंद केला. सकाळी बचावपथकाची बोट गल्लीत येईपर्यंत खरे काय आहे ते आम्हाला एकाही माणसाने सांगितले नाही. आज हसलेल्यांपैकी कोणीही त्या जिन्यावर बसले नव्हते.

बैठकीत विषय बारगळला असला तरी मी तो सोडलेला नाही. रविवारी सकाळी माझ्या घरी सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा लिहायला बसणार आहोत. रात्रपाळीच्या दोन निवेदकांचे मानधन अनुदानात धरावे, ही पहिली मागणी असेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी इथेच कळवावे. काकू येणार आहेत, पहिली सही त्यांची.