बाईची तक्रार गावातच कशी जिरवावी

नव्याने निवडून आलेल्या सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांनो, आणि खास करून सरपंचबाईंच्या मिस्टरांनो (वाचणार तुम्हीच, म्हणून), गावाची अब्रू राखायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

मार खाल्लेली बाई ग्रामपंचायतीत आली की तिला खुर्ची द्या, पाणी द्या आणि लगेच नवऱ्याला बोलावून घ्या. मग त्याच्यासमोरच विचारा, "काय झालं ते मोकळेपणाने सांग बाई." ती काहीच सांगणार नाही. झाली चौकशी.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, तिचं टेन्शन घेऊ नका. रजिस्टर घरोघर फिरवलं की सह्या-अंगठे मिळतात.

महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी मार्चअखेर कशावर टाकायचा, ते तुम्हाला शिकवायला नको.

खरं कसब आहे ते मिटवण्यात. गेल्या आठवड्यात मुरबाड तालुक्यात, माझ्या चुलत बहिणीच्या सासरी, मला ते जवळून पाहायला मिळालं. मी कळव्याहून गेलेली, म्हणजे "शहरातली शहाणी". बहिणीचं मनगट इतकं सुजलेलं की त्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागल्या होत्या. तर तंटामुक्ती समितीतल्या एका काकांनी पहिला प्रश्न काय विचारला? "हात मोकळा का गं, नवरा जिवंत आहे ना?" सगळे हसले. नवराही हसला. सरपंचबाई खुर्चीत होत्या, पण बोलत होते मिस्टर. "भांड्याला भांडं लागतंच," असं म्हणून त्यांनी स्टॅम्पपेपर मागवला आणि मजकूर सांगायला घेतला. ग्रामसेवकभाऊ (चुकलं, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) लिहून घेत होते: यापुढे पती मारहाण करणार नाही व पत्नी उलट उत्तर देणार नाही. एका वाक्यात दोन्ही गुन्हे! उजवा हात उचलत नव्हता म्हणून तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. बारावी पास बाई आहे हो ती. मग सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला, गावाच्या ग्रुपवर पडला, खाली नमस्काराचे हात आणि फुलं.

तंटामुक्ती म्हणे. 2007 साली ती मोहीम आली ती गावातली भांडणं कोर्टकचेरीत कुजू नयेत म्हणून, हे मलाही माहीत आहे आणि त्यात चांगलं काम झालेली गावंही आहेत. पण बांधावरून दोघे भांडले तर तुम्ही स्वतः निकाल देता का? नाही, म्हणता मोजणी आणा. भूमी अभिलेखचा माणूस येईपर्यंत कोणी खुंट हलवत नाही. मग बाईच्या हाडाची मोजणी करायला संरक्षण अधिकारी (घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सरकारने नेमलेला माणूस) का नाही बोलावत? मी विचारलं, तर उत्तर आलं, "ते तुमच्या ठाण्याला."

आणखी एक टीप होती, कार्यालयाच्या भिंतीवर 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक लिहूच नये अशी. राहू दे. मला आता उपरोध जमत नाहीये.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तुम्हाला न्यायाधीश व्हायला कोणी सांगितलेलंच नाही. काम एवढंच: तिला आधी दवाखान्यात न्या, तिला हवं असेल तर 112 लावा आणि संरक्षण अधिकाऱ्याला कळवा. कौटुंबिक घटनेचा अहवाल तो भरतो. अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे गेला की पहिली तारीख सहसा तीन दिवसांच्या आत लावायची आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करायचा, असं कायदाच म्हणतो. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर नवऱ्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमचा स्टॅम्पपेपर मोडला तर काय होतं? दुसरा स्टॅम्पपेपर! आणि सद्भावनेने माहिती दिली म्हणून कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, तेही त्यात लिहिलंय. मग घाबरता कोणाला? मतांना? तो नवरा तुमच्या पॅनलचा पोरगा, एवढंच ना कारण?

निघताना मी नमुना आठचा, म्हणजे गावातल्या घरांची नोंद असलेल्या रजिस्टरचा विषय काढला. घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावा, असं सरकार 2003 पासून सांगतंय, आणि रजिस्टर तर तुमच्याच कपाटात आहे. त्यावर मिस्टर म्हणाले, "नाव लावलं आणि उद्या तिने घर विकलं तर?" गेल्या पावसाळ्यात त्या घराचे पत्रे दारूसाठी कोणी विकले, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा एकालाही शंका आली नाही. आणि घरपट्टी थकली की नोटीस मात्र तिच्याच हातात देता.