सेमी-ऑटोवर स्वस्त स्कोप टिकतच नाही?

शिकारीच्या सेमी-ऑटोमॅटिक (गोळी झाडली की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या) रायफलीसाठी कुणी कमी पैशातला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, विचारला, की त्याच्या तोंडावर एक ठरलेला मजकूर फेकला जातो. थोडक्यात तो असा: सेमी-ऑटोचा दणका स्वस्त स्कोपची वाट लावतो, म्हणून रायफलीला मोजले तेवढेच पैसे स्कोपलाही मोजा, मॅग्निफिकेशन (किती पट मोठं दिसतं ते) मिळेल तेवढं जास्त घ्या, पुढची काच 50 मिमीची आणि नळी 30 मिमीची हवी, नाहीतर उजेड आत येत नाही, टरेट, म्हणजे नेम सरकवायचे नॉब, उघडे, क्लिक मोजून फिरवता येतील असे घ्या, आणि एवढं केलंत की रिंगा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या) कुठल्याही चालतात.

यातलं पहिलं विधान अर्धवट खरं आहे. शेवटचं चक्क नुकसान करणारं आहे. आणि मधलं सगळं पाळलं, तर कमी बजेटवाला माणूस बाजारातला सगळ्यात वाईट स्कोप घेऊन घरी येतो.

आधी दणका. गॅसवर चालणाऱ्या रायफलीत गोळीमागच्या वायूचा थोडा भाग वळवून बोल्ट (काडतूस आत बंद करणारा सरकता भाग) मागे ढकलला जातो. काडतूस तेच असेल तर धक्का एकूण तेवढाच असतो, फक्त तो जरा जास्त वेळात वाटला जातो. खांद्याला ही रायफल मऊ वाटते ती त्यामुळे. पण बोल्ट मागे जाऊन आपटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुन्हा आपटतो. म्हणजे स्कोपला हिसका दोन्ही दिशांनी बसतो. अर्धवट खरं म्हटलं ते एवढ्यासाठीच. हाच प्रकार स्प्रिंगच्या एअर रायफलीत कितीतरी तीव्र असतो आणि तिथे चांगले नावाजलेले स्कोपही बिघडतात. त्या मानाने सेमी-ऑटो सभ्य म्हणायची. .22 रिमफायरच्या (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाच्या) सेमी-ऑटोत तर काळजी करावी असा धक्काच नसतो. तिथे बघायचं ते पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा जरा हलला की नेमही सरकल्यासारखा दिसणं: ते होऊ नये म्हणून रिमफायरचे स्कोप साधारण 50 यार्डांना जुळवलेले असतात, मोठ्या काडतुसांचे 100 यार्डांना.

मग स्वस्त स्कोप बिघडतात ते का? स्कोपच्या पोटात आणखी एक छोटी नळी असते. एका बाजूने तिला टरेटचे स्क्रू दाबतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. झूमची भिंगं याच नळीत सरकतात. झूमचा पल्ला वाढवा, बाजूला फोकसची चकती लावा, क्रॉसहेअरला (नेमाच्या फुलीला) दिवा द्या, की हलणारे आणि सैल होऊ शकणारे भाग वाढत जातात. किंमत मात्र तीच ठेवायची असते, म्हणून प्रत्येक भागावरचा खर्च कापला जातो. दिवा लावलेला, 6-24x50 (6 ते 24 पट मोठं दाखवणारा, पुढची काच 50 मिमीची) असा स्वस्त स्कोप बिघडतो यात नवल नाही. त्याच किमतीतला साधा 3-9x40 किंवा एकाच पॉवरचा 4x32 वर्षानुवर्षं झीरो (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) धरून बसतो. स्वस्त असणं हा दोष नाही. स्वस्तात सगळं देऊ पाहणं हा आहे.

वजनाचाही हिशोब आहे. धक्क्यात रिंगांवर येणारा ताण स्कोपच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. 350 ग्रॅमच्या जागी 700 ग्रॅमचा स्कोप बसवला की तो दुप्पट. म्हणजे दणक्याची भीती घालून मोठा स्कोप घ्यायला लावणं हे स्वतःच्याच म्हणण्याला छेद देणं झालं.

मॅग्निफिकेशनबद्दल तर मला वादच कळत नाही. सेमी-ऑटो घ्यायची ती हात न हलवता दुसरी गोळी झाडता यावी म्हणून. दुसऱ्या गोळीच्या वेळी जनावर पळत असतं, ते काचेत दिसायला तर हवं? नेहमीच्या 3-9 स्कोपमधून 100 मीटरवर 3 पटीला सुमारे 11 मीटर रुंदीचा भाग दिसतो, 9 पटीला चारपेक्षाही कमी. हाक्याच्या शिकारीत पळत्या रानडुकरावर 1-4x24 सारखे स्कोप वापरतात ते याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सेमी-ऑटो गॅरंड रायफलीच्या स्नायपर आवृत्त्यांवरचे स्कोपसुद्धा जेमतेम दोन-अडीच पटीचे होते. 2 एमओएचा (1 एमओए म्हणजे 100 मीटरवर सुमारे 3 सेंमी) ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, देणारी रायफल 200 मीटरवर सुमारे 12 सेंमीचा ग्रुप देणार; हरणाचा मर्मभाग 20 सेंमीच्या आसपास असतो. 24 पट मोठं करून पाहिल्याने तो ग्रुप लहान होत नाही, फक्त आपला हात किती थरथरतो ते स्पष्ट दिसतं.

आता उजेड. डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन. 40 मिमीच्या काचेला 4 पटीवर ती 10 मिमी येते. अंधारात तरुण माणसाची बाहुली फार तर 7 मिमी उघडते, वय वाढलं की 5 च्या आसपास थांबते. तिथे 56 मिमीची काच लावून झोत 14 मिमी केला, तर डोळा ठेवायला थोडी ऐसपैस जागा मिळेल, जास्तीचा उजेड डोळ्यात शिरणार नाही. 9 पटीवर 40 मिमीची काच खरंच कमी पडते, झोत 4.4 मिमीवर येतो. उपाय फुकट आहे: झूमची कडी (पॉवर रिंग) 6 वर आणा, तो 6.7 होतो. मोठ्या काचेला अर्थ आहे तो 8x56 सारख्या स्कोपमध्ये, मचाणावर बसून अगदी काळोख पडेपर्यंत वाट पाहणाऱ्यासाठी. आणि 30 मिमीच्या नळीचा उजेडाशी संबंध नाही. जाड नळीत आतल्या नळीला हलायला जास्त जागा मिळते, म्हणजे टरेट जास्त फिरतो, एवढंच.

उजेड खाल्ला जातो तो काचेच्या पृष्ठभागावर. कोटिंग नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो. असे बारा पृष्ठभाग असतील तर जवळजवळ 40 टक्के गेला. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर पातळ थराचा तोडगा काढला आणि आज तो मध्यम किमतीतही मिळतो. खोक्यावर नुसतं 'कोटेड' असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर एकच थर असू शकतो. 'फुली मल्टी-कोटेड' लिहिलेला शोधा, आणि दुकानाच्या दिव्याखाली न बघता संध्याकाळी बाहेर नेऊन सावलीत बघा.

उघड्या टरेटचं थोडक्यात. स्वस्त स्कोपची कमजोर जागा हीच: वीस क्लिक फिरवून वीस मागे आणले, तरी गोळी जुन्या जागी पडेलच असं नाही. मग फिरवायचेच कशाला? 200 मीटरवर झीरो केलेल्या .308 काडतुसाच्या रायफलीची गोळी साधारण 230 मीटरपर्यंत नजरेच्या रेषेपासून 8 सेंमीच्या आतच वर-खाली होते. झीरो करा, टोपणं लावा आणि विसरा.

'रायफलीइतकेच पैसे स्कोपला' या नियमाला मला तरी आधार सापडत नाही. रायफल महाग निघाली म्हणून काचेची गरज वाढते का? वाचलेल्या पैशातून आधी हातातली साधी दुर्बीण घ्यावी. झुडपामागे जनावर आहे की माणूस, हे भरलेली रायफल रोखून तपासायची गोष्ट नाही.

उरल्या रिंगा, जिथे तो मजकूर सरळ हात झटकतो. स्कोप झीरो धरत नाही ही तक्रार बऱ्याचदा सैल बेसची, म्हणजे रायफलीवर रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीची, असते. सेमी-ऑटोत आणखी भानगडी आहेत. गॅरंडची रिकामी कवचं वर उडतात आणि काडतुसांची क्लिपही वरूनच भरावी लागते, म्हणून तिचा स्कोप डावीकडे सरकवावा लागला आणि गाल टेकायला दस्त्यावर चामड्याची गादी बांधावी लागली. बाजूने कवच फेकणाऱ्या रायफलीत ते उजवीकडच्या नॉबवर आपटू शकतं. तिथे ठेंगणा, टोपणवाला नॉब बरा. एआर (एम-16 सारख्या घडणीच्या) धाटणीच्या रायफलीत दस्ता बॅरलच्या सरळ रेषेत असतो, म्हणून स्कोप बॅरलच्या सुमारे साडेसहा सेंमी वर बसवावा लागतो, आणि वीस मीटरवरच्या नेमात गोळी बरीच खाली लागते. बेसचे स्क्रू तेल पुसून, थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवा. रिंगांचे स्क्रू साधारण 2 न्यूटन-मीटरच्या पुढे आवळू नका, नळी चेपते. डोळा आणि काच यांत नऊ सेंमीच्या आसपास अंतर मिळतंय का, हे सगळ्यात मोठ्या पॉवरवर तपासा, कारण स्वस्त स्कोपमध्ये ते झूम वाढवला की घटतं. मग एकाच प्रकारच्या काडतुसांनी झीरो करून घ्या, आणखी पन्नासेक गोळ्या झाडा आणि स्क्रू व झीरो दोन्ही पुन्हा तपासा.