‘मॅन्युअल उघडलेलेच दिसत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चालू प्रोसेसची (म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामची) मेमरी दुसऱ्या प्रोसेसमधून कशी वाचावी, या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत: प्रोसेस न थांबवता वाचलेला डेटा विसंगत असू शकतो हे मी सांगितले नाही, यामा या लिनक्सच्या सुरक्षा मॉड्यूलचे निर्बंध वगळले, आणि ‘प्रोसेस_व्हीएम_रीडव्ही’ हा दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचणारा सिस्टिम कॉल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली विनंती) लिनक्सच्या ज्या आवृत्तीत आला ती चुकीची दिली. शेवटी आपण लिहिता, ‘लेखकाने मॅन्युअल उघडलेलेच दिसत नाही.’

आवृत्तीची चूक मान्य आहे. तो कॉल ३.२ मध्ये आला, ३.४ मध्ये आले ते यामा. दुरुस्ती केली आहे.

मात्र त्या शेवटच्या वाक्याचे मला वाईट वाटले. २००९ साली, हा कॉल अस्तित्वात नसताना, मी एका कंपनीत रात्रपाळी करत होतो आणि अडकलेल्या सर्व्हरची मेमरी वाचायला हाताशी फक्त पीट्रेस हा डीबगरसाठीचा जुना सिस्टिम कॉल होता. त्याची ‘पीकडेटा’ विनंती एका वेळी एकच वर्ड देते, म्हणजे ६४-बिट यंत्रावर आठ बाइट; एक मेगाबाइट वाचायला १,३१,०७२ कॉल लागतात. शिवाय हाती आलेले -१ ही चूक आहे की मेमरीतले खरे मूल्य, हे ओळखण्यासाठी लिनक्सवर प्रत्येक कॉलपूर्वी त्रुटीचा क्रमांक जिथे साठतो तो ‘एर्‌नो’ शून्य करावा लागतो. ही बारीक गोष्ट मला त्याच मॅन्युअलच्या पानाने शिकवली, आणि ते पान त्या आठवड्यात मी किती वेळा वाचले याची मोजदाद नाही.

त्याच रात्री, पीट्रेस जोडताच समोरची प्रोसेस थांबते, याचा अर्थ मला पुरता कळला. माझे वाचन संपेपर्यंत सर्व्हर गप्प राहिला, ग्राहकांच्या विनंत्या तुंबल्या आणि सकाळी जाब मला द्यावा लागला. न थांबवता वाचण्याचा आग्रह मी धरतो तो या अनुभवातून. समोरच्याने काय वाचले आहे याचा निवाडा एका ओळीत करण्यापूर्वी आपण निदान विचारायला हवे होते.

विसंगतीबद्दल एवढेच, की वाचन चालू असताना लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची यादी) बदलू शकते हे मला ठाऊक आहे. माझे उदाहरण एका काउंटरचे होते आणि तिथे किंचित शिळा आकडा चालतो. यामा हा परवानग्यांचा, वेगळ्या लेखाचा विषय आहे. उदाहरणाचा कोड लेखात दिलेला आहे. तो चालवून कोणत्या ओळीवर चुकीचा आकडा मिळाला, ते कळवावे.