कमरेच्या पिस्तुलाला कानस लावू नका

परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो पोहोचला आहे. त्याचं सार असं: कंपनीतून आलेलं पिस्तूल हा कच्चा माल. चाप हलका करून घ्या, रिकॉइल स्प्रिंगची (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) दोन वेटोळी कापा, स्लाइडला (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) खिडक्या पाडून वजन उतरवा, पुढे कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून धक्का कमी करणारा जोड) आणि वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) बसवा, मॅगझीनला (मुठीतली गोळ्यांची पेटी) जादा गोळ्यांचा तळ लावा, अडचणीची सेफ्टी काढून टाका. शेवटी पुरावा म्हणून एक वाक्य: मोठे नेमबाज हेच करतात.

यातलं बरंचसं कुठल्या तरी वेगळ्या पिस्तुलाबाबत, वेगळ्या कामासाठी खरं आहे. म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटतं. आपल्या कमरेला जे असतं त्याला यातला एकही मुद्दा जसाच्या तसा लागू होत नाही.

आपल्या कमरेला असतं काय? ९ एमएम हा भारतात निषिद्ध बोर, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न मिळणारा नळीचा व्यास, आहे. सर्वसाधारण परवान्यावर पिस्तूल मिळतं ते बहुधा .३२ बोरचं: इशापूरच्या कारखान्याचं अशनी, नाहीतर आयात बंद होण्याआधी आलेलं एखादं जुनं वॉल्थर पीपी, वेब्ली अँड स्कॉट किंवा ब्राउनिंग. काडतूस ७.६५ × १७ मिमी, जॉन ब्राउनिंगच्या १८९९ च्या काळातल्या पिस्तुलासाठी तयार झालेलं. गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा पावणेदोनशे जूलच्या आसपास. ९ एमएमची ऊर्जा साडेचारशेच्या घरात जाते. पण खरा फरक ताकदीत नाही, रचनेत आहे. तो कळला की अर्धा मजकूर आपोआप गळून पडतो.

‘स्लाइड हलकी करा, स्प्रिंग मऊ करा’

९ एमएमच्या आजच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. गोळी सुटली की दोघी थोडं अंतर बरोबरच मागे जातात, तोवर दाब उतरतो, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होते. .३२ मध्ये असं कुलूप नसतं. नळी जागची हलत नाही. दाब उतरेपर्यंत पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या कवचाला, मागून थोपवून धरतं ते स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर, एवढंच. त्या स्लाइडमध्ये पोलाद उगाच ठेवलेलं नसतं. तेच तिचं कुलूप आहे.

त्यात खिडक्या पाडल्या की स्लाइड वेळेआधी आणि जास्त वेगाने मागे सुटते. नळीत अजून दाब असताना पुंगळी बाहेर येऊ लागते, बुडाशी फुगते आणि कधी फाटते. पुंगळी ओढून काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, तिची कड ओरबाडतो. स्लाइड फ्रेमवर दर वेळी जोरात आदळते, आणि जुन्या पिस्तुलात तडा जायला सुरुवात तिथूनच होते. याशिवाय एक बिघाड असा आहे जो अननुभवी माणसाला मॅगझीनचा वाटतो: स्लाइड इतक्या घाईने परत येते की मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर उचलायला वेळच मिळत नाही. मग स्लाइड रिकामीच बंद होते, किंवा काडतूस मधोमध पकडून तिरकं अडकतं.

स्प्रिंग कापण्याने हे सगळं होतंच, वर आणखी एक होतं. कारखान्याच्या स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं मिटवून घासलेलं असतं. कापलेलं टोक उघडं आणि धारदार राहतं, मार्गदर्शक दांडीवर खरडतं आणि स्प्रिंग वाकडी बसते. सुरुवातीचा ताण कमी झाल्यामुळे स्लाइड शेवटचा एक-दोन मिलिमीटर जोराने बंद होत नाही. कोरड्या, स्वच्छ पिस्तुलात हे लक्षातही येणार नाही. घाम, घट्ट झालेलं तेल आणि साखळी-डिचोलीकडची तांबडी धूळ यांचा लेप बसला, की तेवढाच मिलिमीटर राहून जातो आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही.

‘चाप लोण्यासारखा हवा’

इथे आकडेच बोलू देत. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १,००० ग्रॅमचा. तिथे पिस्तूल रेंजवर भरतात, नळी कायम निशाण्याकडे असते आणि बोट चापावर जातं ते ठरवून. कमरेला बाळगायच्या पिस्तुलाचा चाप दोन ते अडीच किलोचा असतो, आणि घोडा (फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा) खाली असताना पहिल्या गोळीला, म्हणजे चापानेच घोडाही उचलायच्या डबल अॅक्शनमध्ये तो पाच-सहा किलोपर्यंत जातो. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला ५०० आणि १,००० ग्रॅममधला फरक जाणवत नाही. होल्स्टरमध्ये पिस्तूल सरकवताना सदऱ्याचं टोक चापाच्या कडीत गेलं, तर हलक्या चापाला तेवढंही पुरतं.

चाप हलका करायचे दोन रस्ते मजकुरात दिले आहेत. एक म्हणजे घोड्याची स्प्रिंग मऊ करणं. तिच्या जोरावरच फायरिंग पिन काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर (दारू पेटवणारी टिकली) आपटते. जोर कमी झाला की प्रायमरवर उथळ खूण उमटते आणि गोळी सुटत नाही. दुसरा रस्ता सिअर, म्हणजे उचललेला घोडा धरून ठेवणारी आकडी, घासण्याचा, आणि तो जास्त वाईट. सिअर आणि घोड्याची खाच यांना वरून पातळ कडक थर दिलेला असतो. तो घासून गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो. पहिले दोन-तीन महिने चाप सुरेख वाटतो, मग ती कड झिजते आणि घोडा आपोआप सुटू लागतो: पिस्तूल पडल्यावर, स्लाइड जोरात बंद झाल्यावर, किंवा एका दाबात दोन गोळ्या. ज्या दिवशी काम करून घेतलं त्या दिवशी हा दोष दिसत नाही, आणि करून देणाऱ्याने सोबत हमीही दिलेली असते.

कॉम्पेन्सेटरबद्दल फार लिहायला नको. .३२ चा धक्का मुळात लहान आहे आणि त्यातून निघणारा वायू नळीचं तोंड खाली दाबण्याइतका नसतो. पिस्तूल मात्र लांब होतं, जुनं होल्स्टर निकामी होतं आणि अंधारात ज्वाळा थेट डोळ्यांसमोर वर उसळते.

‘रेड डॉटशिवाय पिस्तूल अपुरं’

रेड डॉट ही चांगली वस्तू आहे, ज्या स्लाइडला ती झेपते तिथे. पीपीसारख्या अरुंद स्लाइडवर ती बसवायला वरचं पोलाद खरवडावं लागतं, आणि त्या पोलादाचं काम काय ते वर आलंच आहे. इथलं हवामानही लक्षात घ्या. मे महिन्यात एसी गाडीतून पणजीच्या बाजारात उतरलात की थंड काचेवर क्षणात दव धरतं. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. रेड डॉटच्या काचेवरही तेच होतं, आणि ती पुसायला तेव्हा हात मोकळा नसतो. नेम धरायच्या पुढच्या खुंटीवर, म्हणजे पुढच्या साइटवर, पांढऱ्या इनॅमल रंगाचा एक ठिपका द्या. तो धुक्यात विझत नाही आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

‘मॅगझीनमध्ये दोन गोळ्या जास्त’

.३२ चं काडतूस अर्धकडीचं आहे. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहायला हवी. ती मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हा अडथळा स्लाइड ओढून सुटत नाही, मॅगझीन काढून काडतुसं हाताने उपसावी लागतात. जादा तळ लावला की त्याच स्प्रिंगला जास्त वजन उचलावं लागतं आणि काडतुसांना पुढेमागे सरकायला वाव मिळतो. आखूड, पोकळ टोकाची गोळी भरली तर हा वाव आणखी वाढतो, कारण मॅगझीन सुमारे २५ मिमी लांबीच्या गोल टोकाच्या काडतुसासाठी घडवलेलं असतं. मॅगझीनच्या ओठांना पक्कड लावून ‘जुळवणं’ हा तर मॅगझीन फेकायचाच मार्ग आहे.

फीड रॅम्प, म्हणजे काडतूस मॅगझीनमधून नळीत चढवणारा उतार, आरशासारखा करण्याबाबतही थोडं सांगायला हवं, कारण तो निरुपद्रवी समजला जातो. बारीक कापडाने चमक आणली तर बिघडत नाही. फिरत्या दगडाने घासताना मात्र रॅम्पचा कोन बदलतो आणि नळीच्या मागच्या टोकाशी काडतुसाच्या बुडाला असलेला आधार कमी होतो. पुंगळी फुगते ती तिथेच.

‘सेफ्टी म्हणजे अडथळा’

ब्राउनिंग १९१० ला तीन सेफ्ट्या आहेत: हाताने लावायची, मुठीत दाबली जाणारी आणि मॅगझीन काढलं की चाप अडवणारी. यातली मॅगझीनची सेफ्टी काढून टाका, चाप मऊ होतो, असं मजकूर सांगतो. ती सेफ्टी नेमकी त्या माणसासाठी आहे जो मॅगझीन काढून समजतो की पिस्तूल रिकामं झालं. घरात साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांत नळीत राहून गेलेली ती एक गोळीच असते.

कायद्याची बाजूही आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो खरा हक्क आहे. पण गोळी सुटली की पिस्तूल फोरेन्सिक प्रयोगशाळेत जातं. तिथे चापाचं वजन मोजता येतं, सेफ्टी तपासता येते. मालकाने स्वतः काढून टाकलेली सेफ्टी त्या अहवालात आली, तर ‘चुकून सुटली’ या बचावात काही उरत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचं कलम १०६ समोर येतं.

आणि हे काम करणार कोण? आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करायलाही परवाना लागतो. वेर्णा-कुंडईच्या एखाद्या वर्कशॉपमधला हुशार फिटर, त्याच्याकडे कितीही चांगलं सीएनसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र) असलं तरी, तुमची स्लाइड हातात घेऊ शकत नाही. नळी आखूड करायला कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. घासताना किंवा रंग देताना नंबर पुसट झाला तर कलम ८ आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी नंबर ताडून पाहिला जातो.

‘नेमबाज हेच करतात’

करतात. त्यांच्या पिस्तुलात गोळी अडकली तर गुण जातात. ते आठवड्याला शेकडो गोळ्या झाडतात, म्हणून झिजलेला भाग त्यांना वेळेत कळतो. आपलं पिस्तूल महिनोन्‌महिने घामट अंगाला चिकटून असतं, एकही गोळी न झाडता. जाणकारांचा साधा नियम आहे की पिस्तुलात काहीही बदललं तर २०० गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आपल्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसं, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यात दोनशे गोळ्या कुठून आणणार? घरामागच्या काजूच्या बागेत दोन बार काढून पाहणं ही चाचणी नव्हे. इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केल्यास आर्म्स अॅक्टमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझीन स्प्रिंग त्याच मॉडेलच्या, मूळ जोराच्या, नव्या घ्या. जुनी स्प्रिंग नव्या शेजारी उभी केली की किती बसली आहे ते दिसतं. दोन चांगली मॅगझीन ठेवा आणि त्यांवर १ आणि २ लिहा, म्हणजे अडथळा कोणत्यात येतो ते कळेल. चापाची कडी पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावर तोंड न मिटणारं होल्स्टर घ्या. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्येच हवं, असं आर्म्स रूल्स २०१६ ही सांगतात. गुळगुळीत मुठीला रबरी पट्टी चालेल.

मिरगापासून चवथीपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी पिस्तूल पुसा. आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. घामाचं मीठ आधी किंचित ओलसर फडक्याने, मग कोरड्याने निघतं. मिठावरच तेल फासलं तर गंज तेलाखाली वाढतो. तेलाचा हात पातळ असू द्या, फायरिंग पिनच्या भोकात तेल नको, तिथून ते प्रायमरपर्यंत झिरपतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की बदला. एकच काडतूस रोज नळीत भरून रोज काढू नका. रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत मागे दबते आणि दाब वाढतो. ते काडतूस नव्या काडतुसाशेजारी धरून आखूड वाटलं तर वेगळं काढा.

दुरुस्ती खरोखर लागली तर परवानाधारक गन हाऊसमध्येच द्या. स्वतः जाता येत नसेल तर ज्याच्याकडे पाठवाल त्याला तुमचं लेखी अधिकारपत्र द्या. कायदा दुरुस्तीसाठी एवढी मुभा देतो. पावतीवर पिस्तुलाचा नंबर, बदललेल्या भागाचं नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा.