प्लेटोचा रथ कठोपनिषदातून आलेला नाही

एक मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मला तीनदा आला, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं असं: प्लेटोने आत्म्याच्या रथाचं रूपक कठोपनिषदातून उचललं. पायथागोरस भारतात येऊन पुनर्जन्म शिकून गेला. सॉक्रेटिसला अथेन्समध्ये एका भारतीय ज्ञान्याने उपदेश केला. प्लेटोच्या ‘टिमिअस’ या संवादातली महाभूतं आणि सृष्टिकर्ता आपलेच. आणि हे सगळं ऋण ग्रीकांनी दडवून ठेवलं. मला उपनिषदंही जिवाभावाची आहेत आणि प्लेटोचे संवादही. म्हणून हे उत्तर लिहावंसं वाटलं.

आधी रथ, कारण मजकुरातला सगळ्यात पटणारा मुद्दा तोच आहे. कठोपनिषद म्हणतं, ‘आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु । बुद्धिं तु सारथिं विद्धि मनः प्रग्रहमेव च ॥’ आत्मा रथात बसलेला, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम. पुढच्याच श्लोकात इंद्रियं घोडे होतात आणि विषय हे त्यांचे मार्ग. आत्मा स्वतः काही हाकत नाही, तो रथाचा स्वामी आहे.

आता प्लेटोचा ‘फीड्रस’ हा संवाद उघडा. अथेन्सच्या वेशीबाहेर, इलिसस ओढ्याकाठी, भर दुपारी झाडाच्या सावलीत सॉक्रेटिस बोलतो आहे. त्याच्या रथात बसलेला स्वामी कुणी नाहीच. एक सारथी आणि पंख असलेले दोन घोडे, हे तिन्ही मिळून आत्मा. पांढरा घोडा मानी, त्याला चाबूक लागत नाही, शब्द पुरतो. काळा घोडा आखूड मानेचा, डोळे रक्ताळलेले, कान केसाळ आणि बहिरे, चाबकालाही जेमतेम दाद देणारा. प्रिय व्यक्ती समोर दिसताच काळा घोडा झेप घेतो. सारथ्याला त्या चेहऱ्यात मूळ सौंदर्याची आठवण होते, तो आदराने मागे कोसळतो आणि लगाम इतका खेचला जातो की दोन्ही घोडे मागच्या पायांवर बसतात. काळ्याच्या तोंडातून रक्त येतं.

हे वर्णन प्रेमात पडलेल्या माणसाच्या आतल्या झटापटीचं आहे. घोडे इंद्रियं नाहीत, ते आत्म्याचेच भाग आहेत: एक मानाची ओढ, दुसरी वासना. ‘रिपब्लिक’मध्ये प्लेटो आत्म्याचे जे तीन भाग पाडतो, तेच इथे रथाला जुंपलेले आहेत. शिवाय रथ म्हणजे शरीर असं इथे म्हणताच येत नाही. हे रथ देवांच्या मागोमाग आकाशाच्या कडेपर्यंत चढतात, गर्दीत आपटतात, पंख मोडतात, आणि आत्मा पृथ्वीवर पडल्यानंतर कुठे त्याला शरीर मिळतं. शरीर लाभायच्या आधीच जो रथ धावतो आहे, तो शरीर कसा असेल?

रथाची प्रतिमा ग्रीकांना बाहेरून आणावी लागली असती हेही खरं नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये रथांची अख्खी शर्यत आहे. प्लेटोच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी पार्मेनायडीस या ग्रीक तत्त्वज्ञाने आपल्या काव्याची सुरुवातच घोड्या जुंपलेल्या रथाने केली. तो रथ त्याला देवीच्या दारी नेऊन सोडतो. जिथे घोडे आणि रथ होते, तिथे मनाला आवर घालण्याची उपमा रथावरून सुचणं साहजिकच होतं. त्यात कठोपनिषदाचा नेमका काळ कोणता, यावर अभ्यासकांत शतकांचा मतभेद आहे. आधी कोण, हेच जिथे ठरत नाही तिथे कुणी कुणाचं घेतलं हे छातीठोकपणे कसं सांगणार?

पायथागोरसचा मुद्दा. तो इ.स.पू. सहाव्या शतकातला, सामोस बेटावरचा, पुढे दक्षिण इटलीतल्या क्रोटोनला गेलेला. पुनर्जन्म मानत होता यात शंका नाही. त्याच्याच काळातल्या झेनोफेनीस या कवीने एक गोष्ट सांगितली आहे: कुणी कुत्र्याच्या पिल्लाला मारत होतं, पायथागोरस म्हणाला, थांब, हा माझ्या मित्राचा आत्मा आहे, आवाजावरून ओळखला. मात्र तो ब्राह्मणांकडे शिकला असं सांगणारे लेखक त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी आले. त्यांतला एपुलियस हा रोमन लेखक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याच्या आधी सहाशे वर्षं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून गेला होता. तो म्हणतो, आत्म्याच्या जन्मांतराचा विचार आधी इजिप्शियन लोकांनी मांडला आणि काही ग्रीकांनी तो आपला म्हणून पुढे केला. त्याची ही माहिती चुकीची असेलही. पण याच हेरोडोटसने भारताबद्दलही लिहिलं आहे, सोनं उकरणाऱ्या मुंग्यांपर्यंत. पुनर्जन्माचं मूळ भारतात आहे अशी नुसती वदंता जरी त्याच्या कानावर आली असती, तरी ती त्याने सोडली नसती.

इथे एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. संपर्क अशक्य नव्हता. पहिल्या डरायसच्या इराणी साम्राज्यात एका टोकाला आयोनियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची, ग्रीक शहरं होती आणि दुसऱ्या टोकाला गांधार व सिंधूचा प्रदेश. विचार त्या वाटेने गेलेही असतील. पण वाट होती म्हणजे अमुक माणूस त्या वाटेने आला, हे सिद्ध होत नाही.

सॉक्रेटिस आणि भारतीय ज्ञानी ही गोष्ट कुणी मनाने रचलेली नाही, ती खरोखरच प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टोक्सेनस याच्या नावावर ती चौथ्या शतकातल्या युसीबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने नोंदवली. इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या, म्हणजे घटनेनंतर सातशे वर्षांनी. आणि गोष्ट काय आहे? भारतीय विचारतो, तू कशाचा अभ्यास करतोस? सॉक्रेटिस म्हणतो, माणसाच्या जगण्याचा. भारतीय हसतो: दैवी गोष्टी न जाणता माणूस कसा कळेल? गोष्ट इथेच संपते. तीत उपदेश नाही, दीक्षा नाही. ती खरी धरली तरी दोघांचे मार्ग वेगळे होते, इतकंच तीतून निघतं.

‘टिमिअस’बद्दल तर मजकूर लिहिणाऱ्याने तो संवाद चाळलेलाही दिसत नाही. त्यात भूतं चार आहेत: अग्नी, वायू, जल, पृथ्वी. हे चौघे सिसिलीच्या एम्पेडोक्लीस या तत्त्वज्ञाने आधीच सांगितले होते. पाचवं आकाशतत्त्व वेगळं काढलं ते प्लेटोच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने. प्लेटोची स्वतःची भर भूमितीची आहे आणि ती विलक्षण आहे. अग्नीचा कण चार त्रिकोणी बाजूंचा, वायूचा आठ, पाण्याचा वीस. म्हणून पाण्याचा एक कण फुटला तर अग्नीचा एक आणि वायूचे दोन होतात: चार अधिक आठ अधिक आठ, वीस. पृथ्वी मात्र घनाकार, तिचे त्रिकोण वेगळ्या जातीचे, त्यामुळे ती या अदलाबदलीत येत नाही. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी, पाण्यापासून पृथ्वी असा ओघ आहे. तिथे एकातून दुसरं जन्मतं. प्लेटोकडे तुकडे सुटतात आणि नव्याने जुळतात. दोन्ही सुंदर आहेत, पण एकाची दुसरी प्रत नाही.

सृष्टिकर्त्याचंही तसंच. प्लेटोचा शब्द आहे देमिउर्गोस, म्हणजे कारागीर. कुंभार-सुतारासारखा तो समोर नमुना ठेवून आधीच असलेल्या, अस्ताव्यस्त हलणाऱ्या द्रव्याला घडण देतो. त्याने ते द्रव्य निर्माण केलेलं नाही आणि तो स्वतः जग होत नाही. उपनिषदातलं ब्रह्म स्वतःच सर्व होतं.

राहिलं ऋण दडवल्याचं. ग्रीकांवर हा आरोप सगळ्यात कमी लागू पडतो. परक्यांचं श्रेय मोठं करून सांगण्याची त्यांना हौसच होती. ‘टिमिअस’मध्येच साइस नगरीचा इजिप्शियन पुरोहित अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याला म्हणतो, तुम्ही ग्रीक कायम लहान मुलंच राहता. ‘फीड्रस’मध्ये लेखनाचा शोध इजिप्तच्या थ्यूथ देवाच्या नावावर आहे. प्लेटोला ब्राह्मणांकडून काही मिळालं असतं, तर ते मिरवायला त्याला आवडलं असतं. आणि प्लेटोनंतर पन्नासेक वर्षांनी ग्रीक राजदूत मेगास्थेनिस खरोखरच पाटलीपुत्राला आला, ब्राह्मणांचं बोलणं त्याने ऐकलं. त्याचं निरीक्षण स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने जपून ठेवलं आहे: आत्म्याचं अमरत्व आणि परलोकातला न्याय यांबद्दल हे लोक प्लेटोसारख्याच कथा गुंफतात. दोन्हीकडचं ऐकलेला तो माणूस साम्य नोंदवतो आणि पुढे आपल्या वर्णनाला लागतो.