‘जुलाबावाटे विषाणू बाहेर पडतो’ हा समज महागात पडू शकतो

ताप-खोकल्याची साथ आली की एक संदेश पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: “खोकला-तापात जुलाब लागले तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. विषाणू छातीत न जाता पोटात उतरला आणि आता बाहेर पडतोय. जुलाब थांबवू नका, दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहा, जोडीला अँटिबायोटिकचा कोर्स करा. हा पोटाचा आजार आहे, तपासणी नको.” पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हे वाचून तापलेलं म्हातारं माणूस दोन दिवस उपाशी ठेवलं जातं, म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

“पोटात उतरला म्हणजे छाती वाचली.” विषाणू एक घर सोडून दुसऱ्या घरी जात नाही. कोविडचा विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो. हे प्रथिन श्वसनमार्गात आहे आणि लहान आतड्याच्या अस्तरावर तर भरपूर आहे. त्यामुळे संसर्ग दोन्हीकडे एकाच वेळी असू शकतो. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत नोंदलेला कोविडचा पहिला रुग्ण ३५ वर्षांचा होता. खोकल्याबरोबर त्याला मळमळ आणि उलट्या होत्या, दाखल झाल्यावर जुलाब झाले, मलाच्या नमुन्यात विषाणूचा आरएनए (त्याचा आनुवंशिक पदार्थ) सापडला. पुढे त्यालाच न्यूमोनिया झाला आणि ऑक्सिजन लावावा लागला. फ्लूमध्येही उलट्या-जुलाब होतात, मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त. ज्याला आपण ‘पोटाचा फ्लू’ म्हणतो तो मात्र फ्लू नव्हेच, तो बहुतेकदा नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसचा आजार असतो.

“विषाणू बाहेर पडतोय.” मलात विषाणूचे अंश सापडतात हे खरं. ते जुलाब न झालेल्या रुग्णांच्या मलातही सापडतात, म्हणूनच सांडपाणी तपासून साथीचा अंदाज घेता येतो. पण संसर्ग संपवते ती शरीराची प्रतिकारशक्ती. जुलाबातून जातं ते पाणी, सोडियम आणि पोटॅशियम. शिवाय जुलाब विषाणूमुळेच आहेत असंही नाही. सॉर्बिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असलेलं खोकल्याचं औषध पोट ढिलं करू शकतं. फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिरने मळमळ-उलटी होते, ते खाण्याबरोबर घेतलं तर त्रास कमी होतो. लहान मुलाला खोकल्याची उबळ येऊन उलटी झाली, तर त्यात पोटाचा दोष नसतोही.

“जुलाब थांबवू नका” यात थोडं तथ्य आहे, पण संदेशात दिलेलं कारण चुकीचं आहे. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत आणि शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

“नुसत्या पाण्यावर राहा.” या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य मला हेच वाटतं. तापाने पाणी आधीच जास्त खर्च होत असतं, त्यात जुलाबाने क्षार जातात आणि नुसतं पाणी ते क्षार भरून देत नाही. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनावरून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. जुलाब चालू असतानाही हा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत राहतो. ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या जलसंजीवनीचं, सगळं बळ यात आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. पातळ केलं तर क्षार कमी पडतात, घट्ट केलं तर जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग घोटाघोटाने, मुलांना चमच्याचमच्याने द्या. घाईने पेलाभर पाजलं की ते बाहेर येतं आणि ‘काहीच टिकत नाही’ असं वाटून लोक पाजणंच सोडतात. भूक लागेल तसं हलकं खायला द्या, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडू नका.

“अँटिबायोटिकचा कोर्स.” अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून तेच जुलाब वाढवू शकतं.

“तपासणी नको.” तापाबरोबर खोकला किंवा घसादुखी असेल तर जुलाब आहेत म्हणून कोविड-फ्लूची शक्यता सोडू नका. खोकताना मास्क आणि शौचानंतर साबणाने हात धुणं, दोन्ही पाळा. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाला त्रास देतात, म्हणून जुलाब सुरू होताच डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. या दिवसांत आयब्युप्रोफेनही टाळा. फ्लू झालेल्या मुलाला ॲस्पिरिन कधीच नको. त्याने क्वचित राय सिंड्रोम होतो, ज्यात न थांबणाऱ्या उलट्या आणि गुंगी येते.

आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, माणूस सुस्त पडलाय, शौच काळी किंवा रक्ताची, घोटभर पाणीही टिकत नाही, किंवा धाप लागतेय आणि ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली दिसतोय, यातलं एकही दिसलं तर ओआरएसची बाटली सोबत घ्या आणि रुग्णालय गाठा. वाटेतही घोट देत राहा, मात्र गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नका.